पौषातील नाटकाची रात्र

महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला, वैनगंगेच्या दोन्ही तीरांवर पसरलेल्या मुलखाला तेथील लोक मोठ्या जिव्हाळ्याने ‘झाडीपट्टी’ म्हणतात. झाडी म्हणजे अरण्य. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांतील साग, मोह आणि पळस यांच्या छायेत वसलेल्या शेकडो गावांची ही पट्टी. त्यांपैकी गोंदिया हा १९९९ सालापर्यंत भंडारा जिल्ह्याचाच भाग होता. या मुलखात जागोजागी तलाव आहेत आणि तलावांच्या पाण्यावर पिकणारे धान आहे. पावसाळ्यात दूरवर पाहावे, तर पाणी साचलेल्या बांध्यांचे आरसे मांडल्यासारखे दिसतात. कार्तिक सरला, की तेच आरसे कोरडे पडतात, धानाची कापणी होते आणि शेतातून पुंजण्यांचे पिवळे मनोरे उभे राहतात. मग या मुलखाचे खरे सणाचे दिवस सुरू होतात.

दिवाळीच्या पाडव्यानंतर गावोगाव मंडई भरते. मंडई म्हणजे नुसता बाजार नव्हे. तो एक दिवसाचा उत्सव असतो. मिठाईची दुकाने थाटली जातात, तलावातले शिंगाडे उकडून विकायला येतात, लेकी माहेरी आलेल्या असतात, आणि ढोलकीच्या तालावर दंडार उभी राहते. दंडार हे झाडीपट्टीचे जुने लोकनाट्य. त्याला पडदा लागत नाही आणि रंगमंचही लागत नाही. गाणे, नाच आणि संवाद यांच्या जोरावर ते चौकातच रंगते. भंडारा जिल्ह्यातील डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकाने झाडीबोलीचा आणि तेथील लोककलांचा अभ्यास करण्यात आपले आयुष्य वेचले.

याच मातीत पुढे पडद्याचे नाटक रुजले. मराठी रंगभूमीचा आरंभ सांगलीस १८४३ साली विष्णुदास भावे यांच्या ‘सीतास्वयंवर’ नाटकाने झाला, असे मानतात. पुढे शहरांतून नाट्यगृहे उभी राहिली. भिंती आल्या, छप्पर आले, खुर्च्या आल्या. झाडीपट्टीतील नाटकाने मात्र आकाशाचेच छप्पर पसंत केले. दिवाळीपासून होळीपर्यंत चालणाऱ्या या हंगामात अनेक मंडळ्या गावोगाव हिंडत असतात. त्यांचे मोठे ठाणे वैनगंगेपलीकडे गडचिरोली जिल्ह्यातील वडसा येथे आहे. तेथे मंडळ्यांच्या कचेऱ्या असतात, आणि गावकरी तेथे जाऊन आपल्या गावासाठी नाटक ठरवून येतात. जे नाटक ठरते, ते दोनतीन घटकांचे नसते. रात्री दहाच्या सुमारास पडदा वर गेला, की तो शेवटचा खाली येईपर्यंत पूर्वेला तांबडे फुटू लागते.

आता पौषातील रात्र म्हणजे काय, हे ज्याने झाडीपट्टीत अनुभवले नसेल, त्याला कल्पनेने कळणे कठीण आहे. समुद्र येथून शेकडो कोस दूर. त्यामुळे उन्हाळा जसा भाजून काढतो, तशीच हिवाळ्याची रात्र गोठवून टाकते. भंडाऱ्याच्या शेजारच्या नागपूर शहरी २९ डिसेंबर २०१८ रोजी पहाटेचे तापमान ३.५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरले होते. शहरात घरे, रस्ते आणि दिवे यांची थोडी तरी ऊब असते. उघड्या शेतात तेवढाही आधार नाही. आणि नाटक होते ते अशाच उघड्या शेतात!

नाटकाची जागा तयार करणे हाही एक सोहळाच असतो. गावाजवळची एखादी कोरडी बांधी निवडतात. जुन्या रीतीप्रमाणे प्रेक्षकांची बाजू खणून खोलगट करतात आणि निघालेली माती एका टोकाला रचून तिचाच उंच रंगमंच करतात. अशाने एका कामात दोन कामे साधतात. रंगमंच वर येतो आणि मागे बसलेल्यालाही पुढच्याच्या डोक्यावरून नीट दिसते. प्राचीन ग्रीस देशातील लोक डोंगराच्या उतारावर पायऱ्या कोरून उघडी रंगमंडले बांधीत. झाडीपट्टीच्या सपाट भूमीत डोंगर नाही, म्हणून तेथील शेतकऱ्याने कुदळीने उतार निर्माण केला. भोवती कनाती लावल्या, रंगमंचावर मंडळीचे रंगीत पडदे चढले, की सकाळपर्यंत जेथे धसकटे होती तेथे संध्याकाळी राजवाडा उभा राहतो.

दुपारपासूनच पाहुणे येऊ लागतात. पूर्वी बैलगाड्यांची रांग लागे. आता ट्रॅक्टर आणि मोटारसायकली येतात. पुष्कळ गावांत नाटकाच्या दिवशी बैलांच्या शर्यतींचा शंकरपटही असतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ सालच्या निकालाने या शर्यती थांबल्या होत्या. २०२१ साली न्यायालयाने नियम घालून महाराष्ट्रात त्यांना पुन्हा अनुमती दिली. घरोघरी चुली पेटलेल्या असतात, कारण नाटकाला आलेला पाहुणा उपाशी राहिला, तर गावाची अब्रू जाते. त्याच अंगणात कुणाची मुलगी कुणाच्या मुलाला पाहिली जाते, आणि कधी कधी एका नाटकाच्या रात्रीतून पुढच्या वैशाखातले लग्न जुळते.

जेवणे झाली, की घराघरातून विलक्षण मिरवणूक निघते. कुणाच्या खांद्यावर घोंगडे, कुणाच्या डोक्यावर वाकळ, कुणाच्या काखेत रिकामे पोते, कुणाच्या हातात तणसाची पेंढी. तणस म्हणजे धान झोडून उरलेला पेंढा. नवखा मनुष्य या पेंढीकडे पाहून हसेल. पण तिचे मोल पहाटे कळते. जमिनीवर तणस जाड पसरले, की त्याच्या पोकळ काड्यांत आणि काड्यांच्या मधल्या फटींत हवा अडकून राहते. अशी अडकलेली हवा उष्णता सहसा जाऊ देत नाही. घोंगड्याचेही तेच आहे. घोंगडे स्वतः ऊब निर्माण करीत नाही. अंगाची ऊब ते अंगाशी राखून ठेवते. शांत बसलेल्या माणसाच्या देहातून सुमारे शंभर वॉटच्या दिव्याइतकी उष्णता सतत बाहेर पडत असते. हजार माणसे खांद्याला खांदा लावून बसली, म्हणजे त्या खोलगट जागेत असे हजार दिवे तेवत असतात! हे गणित गावातील म्हातारीला कुणी शिकवलेले नसते. पण नातवंडांना दोन्ही बाजूंना घट्ट धरून बसताना ती ते अचूक सोडवते.

तिसरी घंटा होते, नांदी सुरू होते. पूर्वी गॅसबत्तीच्या सुसू आवाजात पडदा वर जाई. आता विजेच्या रंगीत दिव्यांचा झोत पडतो. ऑर्गनचे सूर उठतात, तबला बोलू लागतो. झाडीपट्टीतील नाटकात गाण्याला मोठा मान आहे. पद आवडले, तर ‘वन्स मोअर’चा गजर होतो आणि गायकाला ते पुन्हा म्हणावे लागते. त्या स्तब्ध, गार रात्री ते सूर फार दूरवर जातात. यालाही कारण आहे. अशा रात्री जमिनीलगतची हवा गार असते आणि तिच्या वरची हवा काहीशी उबदार असते. उबदार हवेत ध्वनी अधिक वेगाने जातो. त्यामुळे वर निघालेली ध्वनीची लाट वाकून पुन्हा जमिनीकडे येते. दुपारी जो आवाज शेजारच्या शिवारात पोचत नाही, तो रात्री दूरच्या गावाला ऐकू येतो. घरी राहिलेला एखादा आजारी मनुष्य अंथरुणात पडल्या पडल्या ते नाटक कानांनी पाहत असतो. थंडीने जे एका हाताने घेतले, त्यातले थोडे दुसऱ्या हाताने परत केले, असेच म्हणावे लागेल.

पहिला अंक हसण्यात जातो, दुसरा रडण्यात. मध्यरात्र उलटते. दिवसभर तापलेली जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडीत असते. आकाशात ढग असते, तर त्यांनी ती पांघरुणासारखी अडवली असती; पण पौषातील आकाश स्वच्छ असते. चांदण्या जितक्या ठळक, तितकी थंडी अधिक! सूर्य उगवेपर्यंत ही गळती थांबत नाही. म्हणून रात्रीचा सर्वांत गार प्रहर हा शेवटचाच असतो. कनातीवर दव साचते. घोंगड्याची बाहेरची बाजू ओली लागते. बोटे बधिर होतात, नाकाचा शेंडा आहे की नाही हे चाचपून पाहावे लागते. रसिकाची खरी परीक्षा या प्रहराला होते.

चुलबंद नदीच्या काठच्या एका गावी अशाच एका रात्री सातवीत शिकणारा एक मुलगा आपल्या आजोबांबरोबर नाटकाला बसला होता. दोन अंक त्याने डोळे विस्फारून पाहिले. पण तिसऱ्या प्रहरी त्याचे पाय आखडले, दात एकमेकांवर वाजू लागले, आणि त्याचे लक्ष रंगमंचावरून उडाले. आजोबांचे घोंगडे ओढून तो म्हणाला,

“आबाजी, थंडी लागते जी. घरी जाऊ न.”

आजोबा रागावले नाहीत. त्यांनी घोंगडे सावरले आणि ते म्हणाले, “जाऊ बापा. पण पहिले माझ्यासंगं ये.”

दोघे कनातीच्या कडेकडेने पडद्यामागे गेले. तेथे मातीच्या रंगमंचाच्या आडोशाला एक शेकोटी धगधगत होती. दव पडून सैल झालेली ढोलकी कुणी एक जण निखाऱ्यांपासून हातभर अंतरावर धरून शेकीत होता. कारण दमट कातडे सुकून ताणले गेल्याशिवाय तिचा आवाज खणखणीत होत नाही. एक नटी पुढच्या प्रवेशाची भाषणे पुटपुटत दोन्ही तळवे धगीवर धरून बसली होती. तिच्या अंगावर राणीची जरतारी साडी होती आणि तिच्यावरून तिने साधे सोलापुरी पांघरूण लपेटले होते. आणि शेकोटीच्या अगदी जवळ एक नट उकिडवा बसला होता. त्याचे अंग उघडे, कमरेला गुडघ्यापर्यंतचे धोतर, खांद्यावर एक पंचा. पुढच्या प्रवेशात त्याला दुष्काळात होरपळलेल्या शेतकऱ्याचे काम करायचे होते. त्याचे ओठ निळसर पडले होते आणि गुडघे थरथर कापत होते. आगीजवळ असूनही त्याला शब्द धडपणे उच्चारता येत नव्हता.

इतक्यात विंगेतून खूण झाली. तो नट उठला. अंगावरची चादर त्याने खाली टाकली, मातीला हात लावून नमस्कार केला आणि तो प्रकाशात शिरला.

मुलगा विंगेच्या कडेने पाहू लागला. प्रवेश भर उन्हाळ्यातल्या दुपारचा होता. विहीर आटली आहे, बैल बसला आहे, आणि शेतकरी कोरड्या आकाशाकडे पाहत बांधावर उभा आहे. त्याने खांद्यावरचा पंचा काढला आणि कपाळावरचा घाम टिपला. घाम! ज्या वेळी हजार माणसे घोंगड्यांत गुरफटून कुडकुडत होती, त्या वेळी तो उघड्या अंगाने घाम पुसत होता. त्याचे गुडघे आता कापत नव्हते. त्याचा आवाज मघाशी फुटत नव्हता, तो आता सर्वांत मागच्या रांगेपर्यंत स्वच्छ पोचत होता. फक्त एक गोष्ट त्याच्या हाती नव्हती. प्रत्येक शब्दाबरोबर त्याच्या तोंडातून वाफ बाहेर पडे आणि दिव्याच्या झोतात ती पांढरीशुभ्र दिसे. वैशाखातील त्या उन्हाची गोष्ट पौषातल्या वाफेसह बाहेर येत होती. ती वाफ सर्वांना दिसत होती. परंतु कुणीही हसले नाही. उलट पुढच्या रांगेतील एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने, आपल्याही नकळत, डोक्याचे मुंडासे काढून त्याने वारा घ्यावा तसे हलवले.

आजोबा हळूच म्हणाले, “तो एका धोतरावर उभा आहे, अन् आपन घोंगडं पांघरून उठून जायचं? आपन उठलो, तं तो कोनाले सांगन?”

मुलाने उत्तर दिले नाही. तो परत आपल्या जागेवर गेला, तणसात पाय खुपसून बसला, आणि पूर्वेला उजळेपर्यंत हलला नाही. थंडी कमी झाली होती, असे नव्हे. ती वाढलीच होती. पण आता तो एकटा ती सोसत नव्हता. समोर एक मनुष्य तीच थंडी सोसत होता आणि तिचा मागमूसही दिसू देत नव्हता. असा मनुष्य समोर असताना उठून जाणे त्याला अवघड वाटू लागले.

झाडीपट्टीतील रंगभूमीचे मर्म या एका प्रश्नात साठवलेले आहे. नाटक एकट्या नटाचे नसते आणि एकट्या प्रेक्षकाचेही नसते. दोघांमध्ये एक न बोललेला करार असतो. नट म्हणतो, ‘मी अखेरपर्यंत काम करीन’. प्रेक्षक म्हणतो, ‘मी अखेरपर्यंत पाहीन’. कुठल्याही कागदावर न लिहिलेला हा करार थंडीच्या शेवटच्या प्रहरीच कसाला लागतो. उबदार नाट्यगृहात तो पाळणे सोपे असते, म्हणून तेथे तो फारसा आठवत नाही.

या नटांपैकी पुष्कळ जण पावसाळ्यात धानाची रोवणी करणारे शेतकरी किंवा लहानसहान धंदे करणारे कारागीर असतात. रात्रभर काम करून दिवसा गाडीत डुलकी घ्यायची आणि संध्याकाळी दुसऱ्या गावच्या मातीवर उभे राहायचे, असा त्यांचा हंगाम चालतो. गडचिरोली जिल्ह्यातील परशुराम खुणे यांनी अशाच उघड्या रंगमंचांवर हजारो प्रयोग केले. २०२३ साली भारत सरकारने त्यांना ‘पद्मश्री’ देऊन गौरविले, तेव्हा साऱ्या झाडीपट्टीला आपल्याच घरी सन्मान आल्यासारखे वाटले. त्याआधी, २०२० साली करोनाच्या साथीमुळे माणसांनी एकत्र जमणेच बंद झाले, तेव्हा या कलावंतांवर कठीण काळ ओढवला होता. थंडी त्यांना कधी हरवू शकली नव्हती. रिकाम्या बांध्यांनी मात्र त्यांना व्याकूळ केले.

आता काळ पालटला आहे. गॅसबत्ती गेली, ध्वनिक्षेपक आले. जमिनीवरच्या तणसाशेजारी खुर्च्यांच्याही रांगा लागतात. पूर्वी पुरुषच स्त्रियांची कामे करीत. आता ती स्त्रियाच करतात. घरबसल्या हवे ते नाटक किंवा चित्रपट मनुष्य पाहू शकतो. तेथे थंडी नाही, दव नाही आणि कंटाळा आला तर बोटाच्या एका स्पर्शाने ते बंद करता येते. तरीही दिवाळी झाली, की वडशाच्या रस्त्यावर गावकऱ्यांची ये-जा सुरू होते, आणि पौषातल्या रात्री बांध्या माणसांनी भरतात. पडद्यावरच्या चित्राला प्रेक्षक उठून गेल्याचे कळत नाही. समोरच्या माणसाला ते कळते. म्हणूनच कदाचित समोरच्या माणसासाठी जागणे माणसाला अजून आवडते.

शेवटचा पडदा पडतो, तेव्हा पूर्वेकडे तांबूस रेघ उमटलेली असते. माणसे उठतात, आखडलेले पाय झटकतात, अंगाला चिकटलेल्या तणसाच्या काड्या वेचतात. चहाच्या किटल्यांभोवती गर्दी होते. कुणी रात्रीचे पद गुणगुणत असतो, कुणी आपल्या मुलाला कडेवर घेऊन निघतो. रंगमंचामागे नट तोंडाचा रंग पुसून सामान आवरीत असतात, कारण त्यांना रात्रीपर्यंत दुसरे गाव गाठायचे असते. शेकोटीत थोडे निखारे अजून शिल्लक असतात. जाता जाता गावातील एखादा म्हातारा त्या नटांजवळ थांबतो, काही न बोलता त्यांच्याशेजारी बसून आपले हात शेकतो, आणि मग सावकाश उठून आपल्या वाटेला लागतो.